दोन्ही टोकांना पिना

नायजेरियातल्या इबादानच्या बाजारातलं विजेच्या सामानाचं दुकान. रांगेत माझ्यापुढे कोऱ्या निळ्या झग्यातली एक बाई उभी होती.

"दादा, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर द्या. एक टोक इन्व्हर्टरात, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात. सगळं घर उजळतं."

"ती मी विकत नाही, मावशी. वायरमन बोलावून बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या."

"अहो, आमची अख्खी गल्ली तीच लावते!"

"मेन स्विच बंद करायला विसरलात, तर घरातला करंट उलटा बाहेर खांबावर जातो."

"एकदाच विसरले असेन. तेव्हाच तर जुनी वायर जळली."

"कधी?"

"गेल्या सोमवारी, दुपारी."

"तुमच्याच गल्लीत ना तो लाइनमन खांबावर चिकटला, लाइन बंद असताना..."

"अदेवुमी? त्याच्याच मातीला निघालेय. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी एकाच कापडाचे झगे शिवलेत."

"तो कधी गेला, मावशी?"

"सोमवारीच की. दुपारी..."

दुकानदारानं तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"दादा."

"बोला."

"त्याच्या आईनं मला शेजारी बसायला सांगितलंय हो."