सायकलच्या वाटेवरची काटी

सायकलीला बिनगाड्यांचा रस्ता कुठं गावतो म्हणून विचारायलाव ना, तसला रस्ता मी एकदा केलता. निजामाच्या राजवटीत आमच्या मुडबी गावात माझी एकट्याचीच सायकल होती. गाडीवाटंवर बैल बुजायचे, चाकोरीत चाक अडकायचं. आमच्या पडीक रानातनं मात्र कल्याणी शहराकडं सपाट पाऊलवाट जायची. तिथं गाड्या येऊ नयेत म्हणून मी रानाच्या तोंडाला बाभळीची काटी, काटेरी फांदी, आडवी लावली. आमच्याकडं काटी लावली म्हणजे आत पेरलंय. ती कुणी काढत न्हाई.

एकदा शेजारच्या शिवाप्पाअण्णानं आजारी बापाला गाडीत घालून कल्याणीच्या दवाखान्याला नेलं. म्हाताऱ्यानं वाटंतच जीव सोडला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो.

"अण्णा, आमच्या रानातनं का न्हाई गेलास? निम्मी वाट वाचली असती."

"आलतो की. काटी दिसली, मग लांबून वळसा घातला."

"काढायची की बाजूला. कामून थांबलास?"

"तू पेरलास म्हणलं. आत बघितलंबी न्हाई. तुझं पीक कशाला तुडवू?"

त्याला खरं कळू नये म्हणून त्याच आठवड्यात मी ते रान घाईनं नांगरून पेरलं, वाटंसकट.