मडक्यातले राख लावलेले दाणे

बायांनो, ते तिखट-मिठाचे दाणे माझ्यापुढून उचला आधी. बघितले की डोकं फिरतं माझं.

बीडच्या युनानी दवाखान्यातल्या हकिमानं आमच्या मालकांना पथ्य सांगितलं होतं, "तळलेलं बंद. भुईमुगाचे दाणे भाजून खा." मी पालीला माहेरी गेलते. यांना घरात एक मडकं गावलं. आत निवडलेले टपोरे दाणे, वरून राख चोळलेली. राख कावून चोळली असंल, याचा इचार केला न्हाई. धुतले, वाळवले, खरपूस भाजले, वर तिखट, मीठ आन् ओवा. सगळ्या आळीला बोलवून खाऊ घातले.

मी आले तर मडकं रिकामं.

"आवो, पेरणीचं बी होतं ते. कीड लागू नये म्हणून राख लावून ठेवलं होतं मी."

"मला काय ठावं? मला वाटलं, तू चुलीजवळ उघडं ठेवलं म्हणून राख पडली."

वर माझाच गलथानपणा. मी कपाळाला हात लावून बसले, तेवढ्यात शेजारचे भावजी दारात आले.

"वैनी, परवाचे दाणे लई गोड होते. औंदा पेरायला त्याचंच बी द्या की आमाला."