कार्डानं ओळखलेलं शेत

कोपरखैरण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बोनकोड्याचे एक आजोबा आणि त्यांची सून नंबरची वाट बघत बसले होते.

"निशिगंधा, माजा शेतीचा गेम चालू झाला का गो?"

"झाला, पप्पा. सकाळीच."

"काल तर बोलत व्हता, कार्ड वलखत नाय."

"गेम जुना आणि आपल्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड नवीन. गेमच्या एका फाइलमध्ये चालणाऱ्या कार्डांची नावं असतात. त्यात आपलं नव्हतं."

"मंग?"

"मी आपल्या कार्डाचं नाव त्यात घातलं."

"आनि त्यानी मानला?"

"लगेच नाही. आधी स्क्रीन काळी झाली. कार्डाच्या नावातला एक आकडा चुकला होता, तो सुधारल्यावर चालला."

"माजा भात?"

"आहे तसाच. कापायला आलाय."

"बरा झाला! मना रातभर झोप नाय. खरी जमीन गेली तवा पन येवरा टेन्शन नवता."

"काहीतरीच! आई सांगतात, तेव्हा तुम्ही जेवण सोडलं होतं."

"जेवन सोरला व्हता. झोप लागायची."

"बरं, घरी गेल्यावर कापणी करू. मला पण शिकवा."

"तुजा आफिस?"

"आज सुट्टी टाकलीय."

"अरे वा! मंग कापनीच्या आदी बांध घालू."

"गेममध्ये बांध कशाला, पप्पा? शेजारी तर कोणीच नाही."

"नसू दे. बांध नसला तर शेत कुनाचा, ता कसा कलनार?"