दारोग्याच्या रक्तातलं मीठ

मीठ-साखरेच्या पाण्याचं कौतुक आम्हाला सांगू नका राव. आमच्या अणदूरला निजामाच्या राज्यातच त्याचा तमाशा झालाय.

लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायची ज्वारी वसूल करायला एक दारोगा आला होता. मोठा इमानी माणूस! कोंबडी आमचीच खायचा, पण अळणी करायला लावायचा. म्हणायचा, "तुमचं मीठ खाल्लं, की तुमच्या मिठाला जागावं लागेल."

भर उन्हाळ्यात त्याला जुलाब लागले. नुसतं पाणी ढोसत राहिला, अन् पायात असे गोळे आले की चावडीतच बोंबलायला लागला.

हकीम म्हणाला, "साहेब, घामातून अन् जुलाबातून मीठ गेलंय. वरून नुसतं पाणी पिऊन रक्त पातळ झालंय. मीठ-गूळ घालून पाणी प्या."

"अन् मीठ जास्त झालं तर?"

"जास्तीचं लघवीतून जातं. लागतं तेवढंच रक्तात राहतं."

जिवावर बेतलं, तेव्हा आमच्या बसवण्णामामांच्या घरचं मिठाचं पाणी तांब्या-तांब्यानं प्याला.

दुसऱ्या दिवशी उठून बसला, अन् आधी मामांचंच ज्वारीचं पेव उघडायला लावलं.

मामा म्हणाले, "साहेब, कालच आमचं मीठ खाल्लंत की!"

दारोगा हसला. "वो तो सब पेशाब में निकल गया."

मामा म्हणाले, "व्हय? लागतं तेवढं रक्तात ऱ्हातं, म्हणला हकीम. सगळंच निघून गेलं, म्हंजे तुमच्या रक्ताला इमान लागतच न्हाय."