टेम्पोवरून आलेली गाडी

माझं पंक्चर निघेपर्यंत टायरच्या दुकानात बसलो होतो. दारात टेम्पोवरून एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार उतरवली होती. तिच्याभोवती दुकानदार, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी.

“काका, चारही टायर बदलावे लागतील.”

“का? नक्षी तर नव्यासारखी आहे.”

“नक्षी आहे, पण रबर वाळलंय. ही तारीख बघा, चौदा वर्षं झाली.”

“अहो, दर रविवारी इंजिन सुरू करतो. गाडी वीतभर पुढे घेतो, वीतभर मागे. टायर चपटे होऊ नयेत म्हणून.”

“बाबा, आई गेल्यापासून गाडी फाटकाबाहेर गेली नाहीये, तेही सांगा.”

“त्यांना काय करायचंय ते?”

“बरं, चाकं कोणती लावू? तारांची पार गंजलीत. अलॉय घ्या, पुसायला सोपी.”

“नको, तारांचीच द्या. हिच्या आईला आवडायची.”

“आवडायची? बाबा, शिव्या घालायची ती! एकेक तार पुसताना बोटं सोलायची तिची.”

“शिव्या घालायची, पण मला हात लावू द्यायची नाही.”

“तारांची आहेत माझ्याकडे. लावतो.”

“आणि हे टायर किती वर्षं जातील?”

“गाडी चालवलीत तर सहा वर्षं.”

“आणि नाही चालवली तर?”

“तरी सहाच, काका.”

गृहस्थांनी गाडीच्या दारावर हात ठेवला.

“बेबी.”

“काय, बाबा?”

“त्या टेम्पोवाल्याला जायला सांग. आपण जरा लांबच्या रस्त्याने जाऊ.”