गंगीची बोळवण

मुक्या जनावराची सेवा केली की सात जन्माचं पुण्य लागतं, असं आमचं वडील म्हणायचं. मी पंचवीस वर्षं केली. पुण्याचं काय ते वर गेल्यावर कळंल, खाली असताना मला गोचिड्या लागल्या.

आम्ही जोतिबाच्या डोंगराखालचे. वडील यात्रेत नारळ-गुलाल विकायचे. मला शाळा जमली न्हाय, मग मामांनी कोल्हापुरात आणलं आणि सार्वजनिक बागेत माळी म्हणून चिकटवलं. माळी नावाला. हिरवळ कापायची, घसरगुंडीवर अडून बसलेली पोरं खाली आणायची, वाचनालयाची खोली उघडायची, आणि संध्याकाळी खांबावरचा रेडिओ लावायचा, कारण तेव्हा घरोघरी रेडिओ न्हवता, बातम्या ऐकायला म्हातारी माणसं कट्ट्यावर येऊन बसायची आणि बातम्या संपल्या की सरकार कसं चालवावं ते एकमेकांना सांगायची. शिवाय एक मोर आणि चार ससे. बागेचे साहेब त्याला प्राणिसंग्रहालय म्हणायचे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. गगनबावड्याच्या घाटातनं येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं पोत्यात घालून भेकराचं पिल्लू आणलं. भेकर म्हंजे लहान जातीचं हरीणच की, पण भुंकतंय कुत्र्यावानी. ह्याची आई रस्त्यात गाडीखाली गेलती. साहेब म्हणाले, दगडू, दोन दिवस सांभाळ. त्या दोन दिवसांची चार वर्षं झाली.

काय सांगू तुम्हाला, ते दूधच पीना. बाटलीनं न्हाय, कापसाच्या बोळ्यानं न्हाय. तिसऱ्या दिवशी मान टाकली. आता आमच्या कोल्हापुरात माणूस आजारी पडू दे, परीक्षेला बसू दे, न्हायतर कुस्ती हरू दे, औषध एकच, म्हशीचं धारोष्ण दूध. शाहूपुरीच्या कोपऱ्यावर बाळू गवळी पहाटं म्हशी घेऊन उभा राहायचा आणि लोकं पेला धरून समोर काढलेलं दूध तिथंच प्यायची. मी पिल्लू टॉवेलात गुंडाळून त्या रांगेत उभा राहिलो. बाळू म्हणाला, तोंड उघड तिचं. आणि म्हशीच्या सडातनं धार थेट पिल्लाच्या तोंडात मारली. पिल्लू ठसकलं, मग जीभ फिरवली, मग मागायला लागलं. त्या म्हशीचं रेडकू आठ दिवसांमागं मेलतं, तिनं मान वळवून पिल्लाला चाटून काढलं. रांगेतला एक पैलवान म्हणाला, काय दगडूबा, लेकीला तालमीत घालताय व्हय?

चूक झाली ती तिथं. पिल्लाचं नाव आम्ही गंगी ठेवलं, ती रोज माझ्या मागनं बिनदोरीची कोपऱ्यावर यायची आणि म्हशींच्या पायात जाऊन उभी राहायची. आपण म्हैस हाय ह्यात तिला कसली शंका न्हवती. बागेत तिच्या कुंपणावर पाटी व्हती, प्राण्यांना खायला घालू नये. पाटीखाली भडंगवाला बसायचा.

मग एक नवा साहेब आला, रानातलं जनावर असं ठेवता येत न्हाय म्हणाला. कायदा म्हणून खरंच व्हतं ते. गगनबावड्याच्या रानात सोडायचं ठरलं. मी हात जोडलं, साहेब, तिला कुत्रं कळत न्हाय, रानकुत्रं काय कळणार, ती हुंगायला जाईल ओ. साहेब म्हणाले, अरे, जंगलाचं जनावर जंगलात जाणार, तुझं काय जातंय? माझं काय जातंय, ते मला सांगता आलं न्हाय.

आमची मंडळी शेवंता, तिला सांगता आलं. ती म्हणाली, लेक सासरला जातीया म्हणायचं आणि गप बसायचं. निघायच्या दिवशी तिनं गंगीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, भाकरी चारली, आणि गप बसायचं सोडून मोठ्यानं रडली.

गंगीला पिंजऱ्यात घालून नेलं, तर रानाच्या कडेला मांडव, खुर्च्या, कोणी मोठे पाहुणे आलेले. त्यांनी गंगीला झेंडूचा हार घातला, तो तिनं खाल्ला. भाषण सुरू झालं तशी ती भुंकायला लागली. पाहुणे म्हणाले, बघा, अरण्यमातेला साद घालती हाय. ती मला हाक मारत व्हती, पण मला कोण विचारतंय.

पिंजऱ्याचं दार उघडलं. गंगी हलंना. ती माझ्या मागनंच चालायची की, मग मलाच रानात पुढं जावं लागलं. बरंच आत गेलो. डोक्याचा रुमाल सोडून झुडपाखाली पसरला, तर ती वास घेऊन त्याच्यावर बसली, डोळं मिटलं. मी उठलो आणि ओढ्यातनं लांबच्या वाटेनं उघड्या डोक्यानं परत आलो. मांडवात टाळ्या पडल्या. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात एवढं कुणाला फसवलं न्हाय.

आठ दिवस तिचं रिकामं कुंपण झाडत राहिलो. नवव्या दिवशी रजा टाकून एस्टीनं गेलो. रानभर हाका मारल्या. गंगे, गंगे. काय न्हाय. रुमालबी न्हाय. उतरताना एका वाडीवर पाणी मागितलं, तिथली म्हातारी म्हणाली, पावणं, ते भेकराचं येडं तुमचं हाय व्हय? आमच्या म्हशींच्यात असतंय. दिवसा रानात चरतंय, दिवस कलला की म्हशींबरोबर येतंय, कुत्रं अंगावर आलं तर म्हशी शिंगावर घेत्यात त्याला.

म्हशी परत येईस्तोवर मी थांबलो. आली की गंगी. अंगानं भरलेली, दोन म्हशींच्या मधनं, डुलत. माझ्या तोंडात हाक आली. मारली असती तर एस्टीपर्यंत मागनं आली असती. म्हातारी म्हणाली, बोलवा की. मी गोठ्याच्या भिंतीआड झालो, वारा कुठला हाय ते बघून. ती आत गेली तसा उतरलो. साहेबांनी कागदावर लिहिलं, प्राणी रानात रमला.

आता औंदा रिटायर झालो. सकाळी बागेत फिरून येतो. परत कधी गेलो न्हाय बघायला. जिथं असंल तिथं सुखात राहू दे, जोतिबाच्या नावानं. बागेत तिच्या कुंपणाच्या जागी आता मुतारी हाय. बांधकाम चांगलं हाय. पाणी नसतंय.