बेटावरचं भाड्याचं घर

त्या दिवशी समुद्रावर वारा पडला होता बघा, ऊनही मऊ होतं, म्हणून मी माडाखाली आडवा झालो होतो. लढाई संपून घरी आल्यापासून मला धड झोप नव्हती, आणि घरात वीस माणसांचा गलका. पलटणीतल्या कोकणी दोस्तानं सुचवलं म्हणून बेटावरचं एक झावळ्यांचं घर आठ दिवसांसाठी भाड्यानं घेतलं. घरी तसं सांगूनच निघालो. तिसऱ्या दिवशी कुठं डोळा लागला, तर कुणीतरी गदागदा हलवलं.

बघतो तर होडीतून उतरलेले माझा थोरला भाऊ, चुलते आणि शेजारचा ज्ञानू. कराडाहून घाट उतरून आलेले.

थोरला हात जोडून म्हणाला, "चुकलं असंल माझं. पर घर सोडू नगंस."

"दादा, म्या कुठं घर सोडलंय? इसाव्याला आलोय."

"इसाव्याला कुणी भाड्याचं घर घेतं व्हय रं?" चुलते डाफरले. "वाटणी पायजे तर तोंडानं बोल."

"तात्या, वाटणी नगं. भांडण न्हाई. मला निस्ती झोप पायजे."

"मग कोण टोचून बोललं तुला?"

असं दिवेलागणीपर्यंत चाललं. मी नारळावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा त्यांना पटलं. वाटलं, आता तरी निजायला मिळेल.

तेवढ्यात ज्ञानू जवळ सरकला आणि म्हणाला, "आरं गड्या, मिटवायला म्हणून एवढा घाट उतरून आलोय. थोडं तरी भांडा की!"